वावरातली अंघोळ

दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हा माझा तीस-पस्तीस वर्षांचा धंदा. जबलपुरातल्या एका संरक्षण फॅक्टरीत मी इन्स्पेक्शनला होतो. लोक पोलाद कापत, घासत, त्याला भोकं पाडत. मी गेज लावून बघायचो आणि मान हलवायचो. नापास तुकड्यावर लाल रंगानं फुली मारायची, एवढीच काय ती माझी कारागिरी. फुली मारण्यात मात्र माझा हात धरणारा कोणी नव्हता.

स्वतःच्या हातानं मी काही बनवल्याचं मला आठवत नाही. क्वार्टरातला नळ गळायला लागला तरी इस्टेट ऑफिसात तक्रार लिहून यायची. मग केव्हा तरी त्यांचा माणूस पिशवी घेऊन यायचा आणि मी त्याच्या डोक्यावर उभा राहून त्याच्याही कामात खोट काढायचो. आमच्या कॉलनीत सगळे असेच. दिवसभर तोफांचे भाग घडवणारी माणसं घरी नळाचा वायसर बदलून मिळावा म्हणून आठवडाभर वाट बघत, कारण ते आपलं खातं नव्हे.

खरं तर ही गोष्ट माझी नाही, माझ्या बायकोची आहे. पण तिच्या गोष्टीत जे जे बिघडलं ते मी बिघडवलं, त्यामुळे मला वगळून ती सांगता येत नाही.

तिला सगळे बेबी म्हणतात. कागदोपत्री ती सुलोचना आहे, पण ते नाव बँकेला आणि मतदारयादीलाच माहीत. साठी उलटली तरी ती बेबीच. तिचे वडील बाबाराव रेल्वेत पार्सल बाबू होते. ती वाढली रेल्वेच्या क्वार्टरात, लग्न करून आली फॅक्टरीच्या क्वार्टरात, आणि आता आम्ही दोघं राहतो जबलपुरातच, मुलाच्या विजय नगरच्या फ्लॅटमध्ये. क्वार्टरात भिंतीला खिळा मारायचीही चोरी होती, कारण सोडताना भिंत होती तशी द्यायची. फ्लॅटमध्ये मुलगा म्हणतो, आई, टाइल तडकेल.

बाबारावांनी निवृत्त झाल्यावर जबलपूर जिल्ह्यातल्याच मझौलीच्या बाजूला थोडं वावर घेतलं. विहीर आधीची होती. त्यांनी दोन खोल्या बांधल्या, वर छपराला कवेलू घातले, बाजूला स्लॅबची न्हाणी काढली आणि न्हाणीच्या डोक्यावर सिमेंटची टाकी बसवली. घर झालं त्या दिवशी त्यांनी बेबीच्या हातात हातोडी दिली आणि पाहिजे तिथे खिळा ठोक म्हणाले. तेव्हा ती दोन पोरांची आई होती. तिनं दाराच्या आत, बरोबर हाताला येईल असा एक खिळा ठोकला आणि त्यावर आपली पिशवी टांगली. ती किती खूश झाली होती ते मी बघितलं होतं, आणि खिळा थोडा वाकडा गेलाय हेही मीच तिला सांगितलं होतं.

बाबाराव गेले, त्यांच्या मागोमाग सासूबाई गेल्या आणि घराला कुलूप लागलं. वावर शेजारचे पटेल कसत राहिले, घराकडे कोणी बघेना. मग एका दिवाळीला नागपूरहून गौरांग आला. हा बेबीचा धाकटा भाऊ, खाजगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, माणूस सरळ आणि बोलायला स्पष्ट. तो म्हणाला, मझौलीचं विकून टाकू, घर पडायला आलंय, पुढे दगडमातीसुद्धा हाती लागणार नाही. त्याच्या म्हणण्यात चुकीचं काही नव्हतं. बेबी फराळाचं ताट भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी राहीन तिथं."

गौरांगला आधी हसू आलं, मग दिसलं की ती थट्टा करत नाहीये. तो म्हणाला, ताई, तिथे नळाला पाणी येत नाही, या वयात विहिरीवरून पाणी ओढणार आहेस का? शेवटी त्यानंच अट घातली. संक्रांतीला तो येणार. बाबांच्या न्हाणीत नळाच्या पाण्यानं त्याची अंघोळ झाली तर तो पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. नाही झाली तर बेबीनं विक्रीच्या कागदावर सही करायची. बेबी हो म्हणाली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी मध्ये तोंड घातलं. "नळाचं काय, ते मी बघतो," मी म्हणालो. बेबीनं माझ्याकडे असं बघितलं जसं कोणी देवघरात शिरलेल्या बकरीकडे बघतं.

पहिल्या दिवशी कुलूप उघडलं तेव्हा दार कुलपासकट हातात आलं. चौकट वाळवीनं खाल्ली होती. माकडांनी कवेलू फोडले होते, आतून आभाळ दिसत होतं. न्हाणीच्या नळात गांधीलमाशांनी घर केलं होतं आणि लोखंडी पाइपाचा एक तुकडा मी हलवला तेव्हा त्यातून गंजाचा चहासारखा चोथा पडला. मला हे सगळं बघून काय झालं सांगू? आनंद झाला. इतकी खोट एका जागी मी फॅक्टरीतही बघितली नव्हती. मी गाडीतून लाल रंगाचा डबा आणि ब्रश काढला आणि कामाला लागलो. दारावर फुली, चौकटीवर फुली, भिंतीच्या प्रत्येक भेगेवर फुली, पाइपावर तर जागोजागी. दुपारपर्यंत घराला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

बेबीनं तोवर झाडून घेतलं होतं, चूल मांडली होती आणि पटेलांकडून दूध आणून चहा केला होता. तिनं कप माझ्या हातात दिला आणि फिरून सगळ्या फुल्या बघितल्या. "अच्छा," ती म्हणाली. "आता ज्याच्यावर फुली नाही ते दाखवा. तिथून सुरू करू."

तिची काम करायची रीत अशी आहे. माझं लक्ष मोडलेल्याकडे जातं, ती उभं असलेल्याला धरून पुढे सरकते. गोठा पडलेलाच होता, त्याचे धड कवेलू तिनं एकेक ठोकून, आवाज ऐकून निवडले आणि खोल्यांवर फेरून घेतले. पटेलांच्या घरी बसून मिस्त्री ठरवला, बाईमाणसांशी बोलून माती कुठली चांगली ते काढलं. भिंतीच्या भेगा बुजवताना माझ्या फुल्यांवरून हात फिरवत ती एकदा म्हणाली की या फुल्यांचा उपयोग झाला, मिस्त्रीला कुठे लिंपायचं ते विचारावं लागलं नाही. ही स्तुती होती की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नळाचं खातं माझ्याकडे होतं. मझौलीहून योगेश नावाचा प्लंबर आणला. त्याला काहीही विचारलं की तो "हो जाएगा, अंकल" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचा नाही. त्याच्याही बाजूनं सांगायचं तर मटरचा सीझन होता. आमच्या भागात मटर तोडायला आला की प्लंबर, मिस्त्री, न्हावी, सगळे वावरात दिसतात. मग मी स्वतःच नळ बसवायला घेतला. भिंतीवर रेघ मारली, व्हर्नियर लावून माप घेतलं आणि नळ असा सरळ बसवला की गेज लावा नाहीतर काही लावा. बेबी बादली घेऊन आली. बादली नळाखाली जाईना. मी सगळं मोजलं होतं, फक्त बादली मोजायची राहिली होती. योगेश आला तेव्हा नळाकडे बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "अंकल, ये बच्चों के लिए है क्या?" मग त्यानं तो काढून वर बसवला आणि मी पटेलांचा मटर बघायला निघून गेलो.

पण झालं एकदाचं. विहिरीवरची मोटर चालली, पाणी टाकीत चढलं, टाकीतून न्हाणीत उतरलं. भोगीच्या दिवशी दुपारी गौरांग आला तेव्हा घर घरासारखं दिसत होतं. चुलीवर बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, आणि खिळ्यावर बेबीची पिशवी. त्यानं न्हाणीत जाऊन नळ सोडून बघितला. नळातून पाणी आलं. मग जेवून तो पटेलांबरोबर वावर बघायला गेला. बेबीचा चेहरा त्या वेळी बाबारावांनी हातोडी दिली तेव्हा होता तसा होता.

तेवढ्यात मला तो थेंब दिसला.

टाकीखाली जिथे जुना पाइप नव्याला मिळतो तिथल्या सॉकेटवर एक थेंब जमत होता. जमायचा, लोंबायचा, पडायचा. मी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसलो. योगेश म्हणून गेला होता की लोखंडी पाइप आहे, थोडा गंज धरला की आपोआप बंद होईल. पण तीस-पस्तीस वर्षं ज्याच्यावर फुली मारली तेच माझ्या सासऱ्याच्या टाकीखाली माझ्या देखत गळत होतं. मी पाना घेऊन शिडीवर चढलो. बेबी तीळ वाटत होती, ती हात थांबवून म्हणाली, "अहो, टपकून राहिलं तर टपकू द्या ना. काहून हात लावून राहिले त्याला?"

मी म्हणालो, फक्त थोडंसं फिरवतो.

जुन्या सॉकेटला थोडंसं कळत नाही. कट्ट असा आवाज झाला, सॉकेट उभा चिरला आणि पाण्याची चिळकांडी माझ्या चष्म्यावर बसली. मी तळहात दाबून धरला तर पाणी बाहीत शिरून पायजम्यातून निघायला लागलं. बेबी धावत आली. तिनं पटेलांच्या पोराच्या सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि आम्ही दोघांनी तो सॉकेट मोडलेल्या हातासारखा घट्ट बांधून टाकला. तोवर टाकी जवळजवळ रिकामी झाली होती. मोटरची थ्री-फेज लाइट त्या दिवसांत सकाळी उशिरा यायची आणि दुपारी जायची. ती गेली होती. योगेश सासुरवाडीला गेला होता.

मी पट्टी टाकून टाकीतलं उरलेलं पाणी मोजलं. मग बेबीला छातीठोकपणे सांगितलं की एका माणसाची अंघोळ आरामात निघेल. आयुष्यभर नापास करत आलेल्या माणसानं त्या संध्याकाळी पहिल्यांदा एक गोष्ट पास केली. ट्यूब रात्रभर झिरपत राहिली.

संक्रांतीची सकाळ, जानेवारीतली थंडी, वावरावर धुकं. बेबीनं गौरांगच्या हातात अंगाला लावायला वाटलेल्या तिळाची वाटी दिली आणि विचारलं, चुलीवर थोडं पाणी तापवून देऊ का. तो नको म्हणाला. गरम पाणी मिसळलं तर नळाचं कुठलं आणि चुलीचं कुठलं ते कसं कळणार, अट म्हणजे अट. तो आत गेला आणि त्यानं कडी लावली. मी उगाच खात्री करावी म्हणून शिडीवर चढलो आणि झाकण काढलं. टाकीच्या तळाला जेमतेम दोन-चार लोट्यांचं पाणी होतं.

मी खाली उतरलो. बेबीला सांगितलं आणि म्हणालो, मी दारावर टकटक करतो, गौरांगला खरं काय ते सांगतो, चूक माझी आहे, तो समजून घेईल. ती म्हणाली, "तो समजून घेईल. पण मग सही करावी लागेल."

आणि ती पदर खोचून विहिरीकडे चालायला लागली.

रहाट करकरत होता. मी चुलीजवळची तिळाच्या तेलाची वाटी उचलून आसावर ओतली, तो गप्प झाला. एवढी एक गोष्ट मी त्या सकाळी नीट केली. बेबी पाणी ओढायची आणि मी अर्धी अर्धी बादली घेऊन शिडी चढायचो. माझे गुडघे असे वाजत होते की रहाटाला तेल घालून काय उपयोग झाला असं मला वाटलं. टाकीत पाणी धबकन पडू नये म्हणून मी बादली तिरपी करून कडेनं सोडायचो. आत गौरांग स्तोत्र म्हणत होता आणि नळ चालू होता. मी वरून झाकण लावायचो, उतरायचो, पळायचो. एकदा पाय घसरला आणि अर्ध्या बादलीची अंघोळ माझीच झाली.

विहिरीशी पोचलो की बेबीची बादली तयार असायची. तिचा श्वास लागला होता, दोर तिच्या तळहातातून सरकत होता. मी म्हणालो, बस कर, आता झाली असेल त्याची. ती दोर ओढतच राहिली. तिचे ओठ मात्र हलत होते आणि मला वाटलं ती देवाचं नाव घेते आहे. जवळ गेलो तेव्हा कळलं, ती "बंद कर ना रे नळ, बंद कर" म्हणत होती. त्या थंडीत घामेजलेली, पांढरे केस कपाळाला चिकटलेली माझी बायको मला दिसली आणि मला फार वाईट वाटलं. एका थेंबाला मी राहू दिलं असतं तर ती या वेळी तिळगूळ करत असती.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. आम्ही लगबगीनं ओसरीत येऊन बसलो. ती बादली पाठीमागे सारून, मी ओल्या पायजम्यावर टॉवेल टाकून. गौरांग पंचा गुंडाळून, कुडकुडत बाहेर आला आणि आमच्यासमोर उभा राहिला.

"पाणी आधी बर्फासारखं होतं," तो म्हणाला. "मग मध्येच कोमट यायला लागलं."

मला कळेना तो काय म्हणतो आहे. बेबीला कळलं. तिनं मान खाली घातली. हिवाळ्यात रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी गार पडतं आणि विहिरीतून ताजं ओढलेलं कोमट असतं, हे त्या दोघा बहीण-भावांना बाबारावांच्या वेळेपासून माहीत होतं. मी इन्स्पेक्शनचा माणूस, पण हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

गौरांग तिच्याजवळ बसला. "हात दाखव, ताई."

ती दाखवेना. त्यानं धरून उघडले. दोन्ही तळव्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. पंच्यातला माणूस, केसांत तीळ अडकलेले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. मलाही रडू येत होतं, पण चष्मा आधीच ओला होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

बेबीनं हात सोडवून घेतले. "नळातूनच आलं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग झाली ना अंघोळ."

गौरांग हसायला लागला आणि हसता हसता म्हणाला, "झाली, ताई. बाबांची शपथ, आता विकायचं नाव काढणार नाही. पण माझीही एक अट. भाऊजींच्या हातात पाना द्यायचा नाही."

बेबी उठली. शिडीजवळ पडलेला पाना तिनं उचलला, पदरानं पुसला आणि आत जाऊन त्या जुन्या खिळ्यावर आपल्या पिशवीच्या मागे टांगला. मग ती गूळ किसायला बसली.

आता आम्ही महिन्यातले बरेच दिवस मझौलीलाच असतो. मटर संपल्यावर योगेश आला आणि त्यानं नवा सॉकेट घातला. तोही टपकतो. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसतो. पाना कुठे आहे ते मला माहीत आहे, खिळा माझ्या हाताला सहज येतो आणि तो वाकडाही आहे. पण बेबी चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत असते, म्हणून मी चहा पितो आणि थेंब पडू देतो.